इंटररेल पास: जर्मनीत शिकणाऱ्या बेळगावकरांनी कुठं वापरावा, कुठं टाळावा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातून इंजिनिअरिंग करून मास्टर्ससाठी जर्मनीला जाणाऱ्या मुलांची संख्या आता चांगलीच वाढली आहे. फेब्रुवारीतल्या परीक्षा आटोपल्या की प्रत्येकाच्या मनात तोच प्रश्न येतो: युरोप फिरायचा तर इंटररेल पास, म्हणजे बऱ्याच देशांच्या गाड्यांत चालणारा एकच रेल्वे पास, घ्यावा का? ब्लॉक्ड अकाउंटमधून, म्हणजे व्हिसासाठी आधीच पैसे भरून ठेवलेल्या खात्यातून, महिन्याला 992 यूरो हातात येतात. त्यातले दोन-तीनशे यूरो एका पासवर घालायचे म्हणजे विचार करावाच लागतो. या पासाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, डेन्मार्क, बेल्जियम, नेदरलँड्स या देशांत विद्यार्थ्यासाठी यासारखी दुसरी सोय नाही. फ्रान्स, स्पेन आणि इटलीच्या वेगवान गाड्यांसाठी मात्र हा पास घेऊ नये.

आधी पास कोणता, ते बघू. एकाच कंपनीचे दोन पास आहेत. इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी आणि युरेल हा बाहेरून येणाऱ्यांसाठी. पासपोर्ट भारतीय असला तरी तुमच्याकडं जर्मनीचं रेसिडन्स परमिट आहे, म्हणजे तुम्ही इंटररेलवाले. इथं पुष्कळ जण चुकतात. ‘आपण भारतीय’ म्हणून युरेल घेतात आणि मग तिकीट तपासनीसापुढं पासवरचा देश आणि खिशातलं कार्ड जुळत नाही. खरेदी करताना राहण्याचा देश विचारतात, तिथं जर्मनी लिहायचं.

प्रवास सुरू होण्याच्या दिवशी वय 27 किंवा त्याहून कमी असेल तर युथ पास मिळतो. तो मोठ्यांच्या दरापेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी स्वस्त पडतो. अठ्ठाविसावा वाढदिवस जवळ आला असेल तर सहलीची तारीख त्याच्या अलीकडं आणा, फरक पाऊणशे-शंभर यूरोंचा पडतो. ग्लोबल पास 33 देशांत चालतो. त्यात दोन तऱ्हा आहेत. एक सलग 15 दिवस, 22 दिवस, एक ते तीन महिने असा. दुसरा फ्लेक्सी, म्हणजे एका महिन्यात कोणतेही 4, 5 किंवा 7 दिवस, नाहीतर दोन महिन्यांत 10 किंवा 15 दिवस. विद्यार्थ्यानं फ्लेक्सीच घ्यावा. व्हिएन्नात दोन दिवस पायी फिरायचं असेल तर त्या दोन दिवसांचे पैसे रेल्वेला कशाला द्यायचे? दुसऱ्या वर्गाचा चार दिवसांचा युथ पास गेल्या मोसमांत दोनशे यूरोंच्या थोडा वर आणि सात दिवसांचा तीनशेच्या थोडा आत होता. म्हणजे चार दिवसांच्या पासात दिवस पन्नासच्या पुढं जातो आणि सात दिवसांच्या पासात चाळीसच्या आसपास येतो. वर्षात एक-दोनदा सवलतीची विक्री लागते, तेव्हा घेऊन ठेवता येतो, कारण पास सुरू करायला अकरा महिन्यांची मुदत असते. फक्त सवलतीच्या पासाच्या परताव्याच्या अटी वेगळ्या असतात. त्या वाचूनच पैसे भरा.

आता मुख्य मुद्दा, आरक्षणाचा. राणी चन्नम्मा एक्सप्रेसचं तिकीट काढलं की डबा आणि बर्थ त्याच तिकिटावर छापून येतो. युरोपात तिकीट वेगळं आणि सीट वेगळी. पास म्हणजे फक्त तिकीट. जर्मनीची वेगवान आयसीई, ऑस्ट्रियाची रेलजेट, स्वित्झर्लंडच्या जवळपास सगळ्या गाड्या, डेन्मार्क आणि बेल्जियमच्या देशांतर्गत गाड्या यांत सीट आरक्षित करणं ऐच्छिक आहे. पास दाखवा, रिकामी जागा बघा, बसा. फ्रान्सची टीजीव्ही, इटलीची फ्रेच्चारोस्सा, स्पेनच्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या, लंडनला जाणारी युरोस्टार आणि स्वीडनच्या वेगवान गाड्या यांत मात्र आरक्षणाशिवाय चढताच येत नाही आणि त्याचे पैसे पासाच्या वर वेगळे. टीजीव्ही आणि फ्रेच्चारोस्साला साधारण दहा ते वीस यूरो, युरोस्टारला तीसच्या पुढं.

पैशांपेक्षा मोठी अडचण कोट्याची आहे. टीजीव्ही आणि युरोस्टारमध्ये पासधारकांसाठी ठरावीकच जागा ठेवतात. गाडीत सीट रिकामी असते, साधं तिकीट विकत मिळत असतं, पण पासवाल्यांचा कोटा संपलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये आणि ईस्टरच्या आठवड्यात हे हमखास होतं. मग पास हातात असूनही पूर्ण तिकीट काढावं लागतं आणि सगळं गणित कोसळतं. शिवाय काही कंपन्या पासात नाहीतच. इटलीतली इतालो, फ्रान्स-स्पेनमधली विगो आणि जर्मनीतली फ्लिक्सट्रेन या तिन्ही स्वस्त गाड्यांत पास चालत नाही.

म्हणून इटली करायची तर दोनच रस्ते आहेत. दोन-तीन महिने आधी फ्रेच्चारोस्सा किंवा इतालोचं स्वस्त तिकीट काढा, नाहीतर रेजोनाले, म्हणजे साध्या प्रादेशिक गाड्यांनी सावकाश जा. रेजोनालेला आरक्षण नाही आणि फ्लॉरेन्स-पिसासारख्या तासाभराच्या अंतराला तिकीट इतकं कमी आहे की त्यासाठी पासाचा दिवस खर्चू नये. फ्लॉरेन्स-रोम मात्र वेगवान गाडीला दीड तास लागतो आणि रेजोनालेला चारच्या आसपास.

पासाचा खरा फायदा कुठं आहे, हे एका आखणीवरून कळेल. जर्मन युनिव्हर्सिटीच्या पुष्कळ विद्यार्थ्यांना सेमिस्टर फीमध्येच डॉइचलँड-सेमिस्टर-तिकीट मिळतं. त्यावर देशभर आरई, आरबी या प्रादेशिक गाड्या, एस-बान ही शहरी लोकल, मेट्रो, ट्राम, बस चालते. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्या चालत नाहीत. हे तिकीट काही ठिकाणी सीमेपलीकडच्या स्टेशनापर्यंतही चालतं: म्युनिकहून ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग मुख्य स्टेशनापर्यंत, इन्सब्रुकच्या वाटेवर कुफ्श्टाइनपर्यंत आणि स्वित्झर्लंडच्या बाजूला बाझल बाडिशर बानहोफपर्यंत. इंटररेलचा नियम असा की राहत्या देशातून बाहेर पडायचा एक आणि परत यायचा एक, एवढेच प्रवास पासावर होतात. ते दोन्ही दिवस पासाच्या दिवसांतच मोजले जातात. सेमिस्टर-तिकिटानं सीमा गाठली तर हे दोन्ही दिवस वाचतात.

तर पाच दिवसांचा पास घ्या. म्युनिकहून सेमिस्टर-तिकिटावर दोनेक तासांत साल्झबुर्ग. तिथं मुक्काम. पासाचा पहिला दिवस साल्झबुर्गहून आटनांग-पुखहाइमला गाडी बदलून हालश्टाट आणि संध्याकाळी पुढं व्हिएन्ना. हालश्टाटचं स्टेशन तळ्याच्या अलीकडच्या काठावर आहे, गाव पलीकडं. गाडीच्या वेळेला धरून बोट सुटते, ती पासात नाही, तेव्हा थोडी रोकड जवळ असू द्या. परतीची बोट चुकली तर गाडीही चुकते, म्हणून गावात उतरल्याबरोबर काठावरचं वेळापत्रक बघून घ्या. व्हिएन्नात पाहिजे तितके दिवस राहा. दुसरा दिवस व्हिएन्ना-इन्सब्रुक, रेलजेटनं सव्वाचार तासांच्या आसपास. तिसरा दिवस इन्सब्रुकहून आर्लबर्गमार्गे झुरिक, साडेतीन तास, आणि तिथून सव्वा तासावर खूर. चौथा दिवस खूरहून तिरानो आणि परत. पाचवा दिवस खूर-झुरिक-बाझल, आणि बाझल बाडिशरहून पुन्हा सेमिस्टर-तिकीट. ऐनवेळी काढलेली साधी तिकिटं धरली तर या मार्गाला पासापेक्षा कितीतरी जास्त खर्च येतो. नुसत्या झुरिक-जिनिव्हा एका बाजूच्या पूर्ण दराच्या तिकिटाला नव्वद फ्रँकच्या आसपास पडतात, त्यावरून स्विस दरांचा अंदाज येईल.

खूर-तिरानो या मार्गाबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण इथंच बहुतेक जण विनाकारण पैसे घालवतात. ‘बर्निना एक्सप्रेस’ नावाची मोठ्या काचांची पर्यटक गाडी आहे. तिला आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे वेगळे भरावे लागतात. पण त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून रेशियन रेल्वे या तिथल्याच स्विस कंपनीच्या साध्या गाड्याही धावतात. त्यांत पास चालतो, आरक्षण लागत नाही आणि पुष्कळ डब्यांच्या खिडक्या उघडतात. पर्यटक गाडीच्या काचा बंद असतात, फोटोत आतल्या दिव्यांचं प्रतिबिंब येतं. साधी गाडी सरस आहे, यात मला शंका नाही. खूरहून निघाल्यावर फिलीझूरच्या आधी 65 मीटर उंचीचा लांडवासर पूल लागतो. गाडी वळणावरच्या त्या पुलावरून थेट कड्यातल्या बोगद्यात शिरते. जाताना उजव्या बाजूला बसलं तर पूल नीट दिसतो. सेंट मॉरित्झनंतर गाडी 2253 मीटरवरच्या ओस्पिझ्यो बर्निनापर्यंत चढते आणि तिथून 429 मीटरवरच्या तिरानोला उतरते. या लोहमार्गाला दातेरी रूळ नाही, साध्या चाकांवर हजाराला सत्तर असा चढ आहे. लोंढ्याहून पुढं कॅसलरॉक-कुळे घाटात चढ सदतिसास एक आहे आणि तिथं गाडीला मागून इंजिनं लावतात. इथं तो चौदास एक आहे. ब्रुझिओला गाडी उघड्यावर पूर्ण गोल फिरून स्वतःच्याच पुलाखालून जाते. अल्बुला-बर्निना मार्ग 2008 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिरानो इटलीत आहे, तेव्हा पासपोर्ट आणि परमिट खोलीवर ठेवून निघू नका.

आल्प्समधल्या युंगफ्राउयोख या डोंगरावरच्या स्टेशनाला (3454 मीटर) मात्र पासावर फक्त पंचवीस टक्के सवलत मिळते. उरलेली रक्कमही मोठी आहे. ढगाळ दिवशी वर जाण्यात अर्थ नाही. वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघूनच तिकीट काढा.

पास वापरायची रीत सोपी आहे, पण शिस्त लागते. ‘रेल प्लॅनर’ अॅपमध्ये पास क्रमांक आणि आडनाव टाकून पास जोडायचा, मग सुरुवातीची तारीख टाकून तो सुरू करायचा. नाव पासपोर्टप्रमाणेच हवं. आपल्याकडं हा घोळ पुष्कळ असतो. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाची जागा कोरी असते, कुणाचं वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये जोडलेलं असतं, कुणाच्या दहावीच्या सर्टिफिकेटवर कर्नाटकातल्या पद्धतीनं नुसती इनिशियल्स असतात. सर्टिफिकेट बाजूला ठेवा, पासपोर्टवर जे छापलंय तेच लिहा.

त्यानंतर रोजचं काम: जी गाडी घ्यायची ती ‘माय ट्रिप’मध्ये जोडायची, ती पासाशी जोडणारं बटण दाबायचं, म्हणजे त्या दिवसाचा क्यूआर कोड तयार होतो. हे गाडीत चढण्याआधी झालं पाहिजे. तपासनीस डब्यात आल्यावर गाडी जोडायला बसलात तर तो प्रवास विनातिकीट धरला जाऊ शकतो. जर्मनीत त्याचा दंड किमान 60 यूरो आहे. अॅपला तीन दिवसांतून एकदा तरी इंटरनेट लागतं, नाहीतर पास दिसायचा थांबतो. फोनची बॅटरी मेली की तिकीटही गेलं, म्हणून पॉवर बँक हवीच.

अॅपमधलं वेळापत्रक ऑफलाइन चालतं ही सोय खरी, पण त्यात उशीर आणि बदललेला प्लॅटफॉर्म नीट कळत नाही. जर्मनीत डीबी नॅव्हिगेटर, ऑस्ट्रियात ओबीबी आणि स्वित्झर्लंडमध्ये एसबीबी ही तीन अॅप्स सोबत ठेवा. गाडी शोधताना आरक्षण सक्तीचं आहे की नाही, तेही तिथं दिसतं.

पासाचा दिवस मध्यरात्री बारा ते रात्री 11:59. रात्रीच्या गाडीला सवलत आहे: बाराच्या आधी सुटली आणि बारानंतर गाडी बदलली नाही तर फक्त सुटण्याचा दिवस मोजतात. पण पहाटे उतरल्यावर दुसरी गाडी पकडली की नवा दिवस सुरू. नाइटजेटसारख्या रात्रीच्या गाड्यांना आरक्षण लागतंच. बसायची सीट सर्वांत स्वस्त, पण रात्रभर सहा जणांच्या कंपार्टमेंटमध्ये बसून गेल्यावर दुसरा दिवस झोपेतच जातो. थोडे जास्त पैसे भरून लीगेवागन, म्हणजे आडवं होण्याची बर्थ घ्या. हॉस्टेलची एक रात्र वाचते, त्यामुळं हिशेब जमतो.

उशिराचं काय? जर्मनीत 2024 साली लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर तिथं वेळेवरच धरतात. पासाची खरी किंमत अशा दिवशी कळते. स्वस्तातलं श्पारप्राइस तिकीट त्या एकाच गाडीचं असतं. मुक्कामाला वीस मिनिटांहून जास्त उशीर होणार असं दिसल्याशिवाय दुसऱ्या गाडीत बसता येत नाही. पास असेल तर पुढची कुठलीही गाडी तुमचीच. तरीही आखणीत गाडी बदलायला निदान अर्धा तास ठेवा. आरक्षण सक्तीची किंवा रात्रीची गाडी पुढं असेल तर एक तास. आधीची गाडी चुकली तर ते आरक्षण वाया जाऊ शकतं.

आरक्षण ऐच्छिक असलेल्या गाड्यांतही शुक्रवार दुपार आणि रविवार संध्याकाळ फार गर्दीची. सीटवरच्या छोट्या पट्टीवर कुठून कुठपर्यंत आरक्षित आहे ते लिहिलेलं असतं. नाव-गाव नसेल ती जागा मोकळी. आयसीईत आरक्षण केलेला माणूस गाडी सुटल्यावर पंधरा मिनिटांत आला नाही तर त्या जागेवर बसता येतं. चार तासांचा प्रवास असेल तर मात्र पाचेक यूरो भरून सीट घ्या, पाठीवर सॅक घेऊन दारापाशी उभं राहण्यापेक्षा ते बरं. काही गाड्या वाटेत तुटून दोन वेगवेगळ्या शहरांना जातात. प्लॅटफॉर्मवर गाडीचं नाव बघून भागत नाही, डब्याच्या दाराजवळची पाटी वाचा.

शहरातली मेट्रो, ट्राम, बस पासात नाही. बर्लिनची एस-बान चालते, यू-बान (मेट्रो) नाही. पॅरिस, व्हिएन्नासाठी दिवसाचं शहर-तिकीट वेगळं धरा.

कागदपत्रांबद्दल ढिलाई नको. जर्मनीचं परमिट किंवा विद्यार्थ्याचा वैध डी व्हिसा (दीर्घ मुक्कामाचा) असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा लागत नाही. शेंगेन देश 29 आहेत, पास 33 देशांचा आहे आणि या दोन याद्या एक नाहीत. ब्रिटन, आयर्लंड, तुर्कस्तान पासात आहेत, पण शेंगेनमध्ये नाहीत. युरोस्टारनं लंडनला जायचं तर ब्रिटनचा व्हिसा आधी. जर्मनीनं 16 सप्टेंबर 2024 पासून सगळ्या भूसीमांवर तपासणी सुरू केली, त्यामुळं साल्झबुर्गहून परतताना पोलीस डब्यात येऊन कागद मागतात. मूळ पासपोर्ट आणि मूळ कार्ड दाखवावं लागतं, मोबाईलमधला फोटो चालत नाही. परमिटच्या नूतनीकरणाचा अर्ज पडून असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाकडून लेखी खुलासा घेतल्याशिवाय सीमा ओलांडू नका.

खाण्याचा खर्च स्वित्झर्लंडमध्ये तिकिटाला मागं टाकतो. स्टेशनवर सँडविच घेत बसण्यापेक्षा मिग्रोस किंवा कोऑप या सुपरमार्केटमधून ब्रेड, दही, फळं घ्यावी आणि घरून आलेली शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी, कडक भाकरी, चिवडा डब्यात घ्यावा. गाडीत स्वतःचं खायला कुणी हरकत घेत नाही. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनांवरची तेवढी उघडी सापडतात.

आई-बाबा बेळगावहून भेटायला येणार असतील तर त्यांच्यासाठी पास युरेल. दर जवळपास इंटररेलइतकाच, आणि साठी ओलांडलेल्यांना दहा टक्के सवलत. त्यांना ‘राहता देश’ ही अट नसल्यामुळं जर्मनीतही सगळे दिवस पास चालतो. अडचण तुमची होते: ते आयसीईनं हँबुर्गला जाऊ शकतात, तुमच्या इंटररेलवर जर्मनीत दोनच प्रवास आणि सेमिस्टर-तिकिटावर आयसीई नाही. सोबत फिरायचं असेल तर जर्मनीबाहेरचे दिवस दोघांच्या पासात एकसारखे धरा आणि जर्मनीतल्या अंतरांसाठी तुमचं श्पारप्राइस तिकीट आधी काढून त्याच गाडीत त्यांना बसवा. त्यांच्या शेंगेन व्हिसाची फी 90 यूरो आहे आणि किमान 30,000 यूरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. सामान भरताना त्यांना एवढं नक्की सांगा: युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. कुंदा खव्याचा, पेढे खव्याचे आणि तूपही दुधाचंच, तेव्हा हे तिन्ही विमानतळावर काढून घेतले जाऊ शकतात. ताजा कढीपत्ताही कीड-रोगमुक्तीच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. सुक्या चटण्या, मसाले, पोह्यांचा चिवडा आणि लाडूच द्यायचे असतील तर तेलातले तिळाचे किंवा शेंगदाण्याचे द्यावे.